पोटात शिरण्याआधी: सर्जन लोकांसाठी व्हीआर बनवताना झालेली फजिती

कळफलक | सोमवार, रात्री ११:२०

"तुम्ही डॉक्टरांसाठी गेम बनवता ना?" परवा एका जुन्या मित्राने विचारलं. विरार लोकल, दारात दोघे लटकलेले, अंधेरी यायला आलेलं. "हो" म्हणालो आणि उतरलो. ते "हो" तेव्हापासून खुपतंय, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पाच जण. दोघे गेमिंगमधून आलेले (त्यातला एक मी), एक मेकॅनिकलवाला, एक थ्रीडी आर्टिस्ट आणि एक एमबीबीएस होऊन प्रॅक्टिसला न गेलेली मुलगी, जिच्यामुळे आमची निम्मी अब्रू शाबूत आहे. सर्जन लोकांच्या सरावासाठी व्हीआर सिम्युलेटर, म्हणजे डोळ्यावर हेडसेट चढवून करायचं नकली ऑपरेशन. तीन वर्षं एकच ऑपरेशन बनवतोय: दुर्बिणीने पित्ताशय काढणे. रेसिडेंट मंडळी (सर्जरी शिकणारे डॉक्टर) त्याला 'लॅप कोली' म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. बहुधा चार छोटी छिद्रं पाडतात. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं, आणि सगळे बघतात टीव्हीकडे. पित्ताशयाला एक नळी आणि एक धमनी येऊन मिळते. दोन्हींना क्लिपा लावायच्या, कापायच्या, पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढायचं. घात होतो तो एकाच ठिकाणी. ती नळी ज्या मुख्य पित्तनलिकेला मिळते, ती तिथेच बोटभर अंतरावर असते. पित्ताशय चुकीच्या दिशेला ताणलं की दोन्ही एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच "हीच ती नळी" वाटायला लागते.

आमची पहिली आवृत्ती देखणी होती. यकृत असं चकाकत होतं की आर्टिस्टने तोच फोटो व्हॉट्सॲपला डीपी ठेवला. एका सरकारी रुग्णालयातल्या सरांना (नाव नको) दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी हेडसेट चढवला, वीस सेकंद पाहिलं, काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पपनस सोललंय कधी?"

मला वाटलं विषय बदलतायत.

"हे पोट पुस्तकातलं आहे. सगळं धुऊन पुसून मांडलेलं. आमच्याकडे पेशंट येतो तो चार-पाच वेळा दुखून गेल्यावर. चरबी, चिकटलेले पडदे, सूज. नळी दिसतच नाही, शोधावी लागते. पपनसाच्या फोडीवरचं पांढरं कसं ओढून काढतो आपण, गर न फाटता? ते येऊ दे आधी."

गणपतीचे दिवस होते, पपनसं मिळत होती. दादरहून चार आणली. ऑफिसात दोन ग्रास्परनी ती सोलत बसलो. ग्रास्पर म्हणजे लांब चिमटा. भंगारातून मिळालेले, एकाचा जबडा अर्धाच मिटायचा. तासाभरात कळलं की पांढऱ्या पडद्याला स्वतःचा एक स्वभाव आहे. हळू ओढला तर लांबतो, थोडा वेळ काहीच होत नाही, मग एका टोकाला धागे तुटायला लागतात आणि अचानक मोठा तुकडा सुटून येतो. तिथे हात थांबला नाही तर खालचा गर फुटलाच. आमच्या सॉफ्टवेअरमधली चरबी मात्र लोण्यासारखी एकसारखी कापली जात होती. म्हणजे थांबायचं कुठे, हेच आम्ही शिकवत नव्हतो. यकृत सोडून पुढचे सात महिने फक्त चरबी केली. आता ती एकमेकांना बांधलेल्या बारीक मण्यांची आहे, दर दोन मण्यांतला दोरा वेगवेगळ्या ताणाला तुटतो. दिसायला पहिल्यापेक्षा वाईट. सर म्हणाले, "हां, आता जरा पोटासारखं वाटतंय."

दुसरी फजिती जास्त लाजिरवाणी. गुण कशाचे द्यायचे? गेमवाल्याची बुद्धी: वेळ कमी तर गुण जास्त, हात कमी हलला तर गुण जास्त. एक रेसिडेंट मुलगी यायची, चौथ्या खेपेला ९४ गुण. आम्ही खूश. मग आमची एमबीबीएसवाली डॉक्टरीणबाई म्हणाली, हिला आता दुसरं पोट देऊ या. नळी आखूड केली, मुख्य नलिका ताणाने वर उचलली जाईल अशी रचना केली, आणि काहीच सांगितलं नाही. मुलगी सफाईने गेली. क्लिप, क्लिप, क्लिप, कात्री. मुख्य पित्तनलिकेचे दोन तुकडे. आणि स्क्रीनवर आमचा हिरवा बाण आला: "उत्तम! पुढची पायरी." कोडमध्ये फक्त 'नळीला तीन क्लिपा लागल्या का' एवढंच तपासलं होतं. कोणती नळी, हे विचारायचं आम्हालाच सुचलं नव्हतं. तिने चार वेळा जे पाठ केलं ते शरीरशास्त्र नव्हतंच, आमची लेव्हल होती.

त्यानंतर वाचन केलं, जे आधी करायला हवं होतं. २००३ साली लॉरेन्स वे या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास छापला. त्यातल्या ९७ टक्क्यांत मूळ कारण डोळ्याला झालेला भास होता, हात चुकल्याच्या घटना अगदी थोड्या. आणि आम्ही गुण देत होतो हाताला!

आता गुणाचा पाया स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग या सर्जनने १९९५ साली मांडलेल्या तीन अटी. नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि पडदे साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि फक्त दोनच गोष्टी दिसतायत. हे पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी दाखवल्याशिवाय क्लिप लावली तर बाकी कितीही सफाई असो, शून्य. आणि प्रत्येक वेळी पोट वेगळं.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी इथे आलो. खऱ्या आयुष्यात अशी चूक बऱ्याचदा टेबलावर कळतच नाही. चार दिवसांनी पेशंट पोटदुखी आणि पिवळे डोळे घेऊन परत येतो. मग सिम्युलेटरने लगेच लाल दिवा लावावा का? माझं म्हणणं, लावू नये. टीममध्ये यावरून भांडण आहे. इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत, सांगा.

---

गिरगावकर | सोमवार, रात्री ११:५२

'लॅप कोली' वाचून मला आधी वर्सोव्याचं काहीतरी वाटलं. पुढे वाचत गेलो. पपनसाला दंडवत. वाचतोय.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:१०

दोन शंका, सवयीप्रमाणे.

१) दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन टीव्हीकडेच बघतो असं तुम्हीच लिहिलंय. मग हेडसेट कशाला? डोळ्यावर चष्मा चढवून आत परत टीव्हीच दाखवायचा?

२) हे खेळून खऱ्या ऑपरेशनमध्ये फरक पडतो याला पुरावा आहे, की नुसतं 'सरांना आवडलं'?

---

कळफलक | मंगळवार, दुपारी १:३५

शंकासुरजी, पहिली शंका आमच्या वर्मावर बसली. आम्ही आधी हेडसेटमध्ये थेट पोटात नेत होतो, दोन्ही डोळ्यांना खोली दिसेल असं. लोक वाहवा करायचे. पण साध्या दुर्बिणीच्या टीव्हीवर ती खोली नसते. अंतर कळतं ते सावलीवरून, हत्यार लहानमोठं दिसण्यावरून आणि टोक कशाला टेकलं यावरून. म्हणजे आम्ही पोरांना ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न मिळणाऱ्या कुबड्या देत होतो. आता हेडसेटमध्ये ओटी आहे आणि ओटीत खरोखरच एक सपाट टीव्ही टांगलाय. हसू येतं, पण बरोबर तेच आहे. नुसत्या हातकामाच्या सरावाला तर हेडसेट काढूनच टाकलाय, साधा मॉनिटर पुरतो. यंत्रमानवाच्या हातांनी ऑपरेशन करताना सर्जन बसतो त्या कन्सोलवर गोष्ट वेगळी, तिथे सर्जनला दोन डोळ्यांचं चित्र मिळतं. हाडांच्या ऑपरेशनलाही हेडसेट शोभतो, कारण तिथे खोलीभर वावर असतो.

दुसरी शंका. २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ रेसिडेंटवर चाचणी झाली. निम्म्यांना व्हीआर सराव, निम्म्यांना नेहमीची शिकवणी, मग दोघांचं खरं पित्ताशयाचं ऑपरेशन चित्रित करून, कोण कुठल्या गटातला हे न सांगता तपासलं. सराववाल्यांचं काम २९ टक्के कमी वेळात झालं, आणि बाकीच्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा नको तिथे भाजणं होण्याची शक्यता पाचपट होती. आता गंमत ऐका. ज्या यंत्रावर सराव झाला, त्यात यकृत नव्हतं, रक्त नव्हतं. गोळे आणि चौकोन! गोळा पकडा, दुसऱ्या हातात द्या, ठरावीक जागी डाग द्या. फक्त सराव तासावर मोजला नव्हता. अनुभवी सर्जनची जी पातळी, ती गाठेपर्यंत सुटका नाही. आमच्या आर्टिस्टला हे वाचून दाखवलं त्या दिवशी तो जेवला नाही.

---

टाकेवाली | बुधवार, रात्री १:१५

इमर्जन्सी संपवून लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला.

सर्जरी, दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी लॅप कोलीत काय केलं? कॅमेरा धरला. तासन्‌तास. तीस अंशाची दुर्बीण, एका हाताने कॅमेरा सरळ ठेवायचा, दुसऱ्याने लाइट केबल फिरवून तिरकं बघायचं. जरा डुलकी लागली की क्षितिज वाकडं, की एपी सरांचा (आमचे प्राध्यापक) आवाज, "मॅडम, आम्ही मान वाकडी करू का?" काच धुरकटली की बाहेर काढा, थर्मासमधल्या गरम सलाईनमध्ये बुडवा, पुसा, परत आत. कळफलकदादा, तुमच्या सिम्युलेटरमध्ये कॅमेरा कोण धरतं? बहुतेक यंत्र आपोआप धरत असणार, एकदम स्थिर. तसं असेल तर पहिल्या वर्षाच्या पोरांना तुमचा उपयोग शून्य. त्यांना कॅमेऱ्याचाच सराव द्या आधी.

टाके मी केळीच्या सालीवर शिकले, मग कोंबडीच्या तंगडीवर. मेसच्या मामांनी एकदा तंगडी शिजवून टाकली, टाक्यांसकट. दुर्बिणीचं काम पुठ्ठ्याचा खोका आणि वेबकॅमवर. खोक्यात शेंगदाणे एका वाटीतून दुसरीत.

आणि हो, आमच्याकडे (कुठे ते विचारू नका) एक परदेशी सिम्युलेटर आहे. काचेच्या खोलीत. चावी ज्यांच्याकडे ते चार वाजता घरी जातात. आम्ही मोकळे होतो रात्री अकराला. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसला स्किल लॅब आली, चांगलंच झालं, पण लॅब कधी उघडी ठेवायची ते कुठे लिहिलंय?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लाल दिवा लगेच लावा. आधीच घाबरून असतो आम्ही.

---

वैद्यबुवा | बुधवार, सकाळी ७:०५

"आला सुश्रुत" म्हणून कुणी नाक मुरडण्याआधी पूर्ण वाचा. मी पुष्पक विमान काढणार नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' आहे. योग्या म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडीवर. भेदण्याचा, पाणी नाहीतर चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. शीर टोचण्याचा, मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. शोधण्याचा, किडीने पोखरलेल्या लाकडात. ओढून काढण्याचा, फणस आणि बेलाच्या गरातून. शिवण्याचा, जाड कापड आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा.

माझं म्हणणं एवढंच की पट्टीचा पुतळा सोडला तर तिथे कुणी अख्खा नकली माणूस बनवला नाही. त्या त्या कृतीत हाताला जे जाणवायचं, तेवढंच ज्यात आहे अशी वस्तू निवडली. कळफलकांचं पपनस त्याच यादीत शोभेल, आणि ते येलवाले गोळे-चौकोनही.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:४०

वैद्यबुवा, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. +१.

---

तारजोडणी | बुधवार, रात्री १०:३०

हार्डवेअरचं कुणीच बोलत नाहीये. हातात काय देता? हेडसेटबरोबरचे ते बटणवाले कंट्रोलर देत असाल तर सगळं मुसळ केरात.

---

कळफलक | गुरुवार, रात्री १२:०५

तारजोडणी, तेच देत होतो! पहिल्याच दिवशी सरांनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि "टीव्हीचा रिमोट आहे का?" म्हणाले. दुर्बिणीचं हत्यार पोटाच्या छिद्रात टेकलेलं असतं, त्यामुळे ते सीसॉसारखं चालतं. हात उजवीकडे नेला तर टोक डावीकडे जातं. हवेत मोकळा फिरणारा कंट्रोलर ही सवय कशी लावणार? म्हणून रबरी पोट केलं, त्याला खरी छिद्रं, आणि खऱ्या हत्यारांचे मागचे दांडे. कोन मोजायचे सेन्सर लॅमिंग्टन रोडचे. पहिल्या पावसाळ्यात अर्ध्यांनी मान टाकली, दमट हवेत आकडे नाचायला लागले, मग चुंबकावर चालणारे लावले.

पण स्पर्श हे आमचं अजूनही दुखणं आहे. डोळ्याला सेकंदाला ९० चित्रं दिली की तो समाधानी. हाताला तेवढ्याने भागत नाही, त्याला सेकंदाला साधारण हजार वेळा उत्तर द्यावं लागतं, नाहीतर टणक वस्तूला टेकल्यावर दांडा हातात थरथरायला लागतो, मधमाशी धरल्यासारखा. आणि हजारव्या भागात अख्ख्या मऊ यकृताचं गणित होत नाही. म्हणून टोक जिथे टेकलंय तिथला चिंचोका एवढा तुकडा वेगाने सोडवायचा, बाकीचं यकृत मागून सावकाश येतं. ताण देताना हे खपतं. फाडताना खपत नाही, कारण तुकड्याचा आकारच बदलतो आणि गणित पुन्हा मांडावं लागतं. त्या क्षणी हाताला जो झटका बसायला हवा तो आमच्याकडे किंचित उशिरा बसतो. सरांना लगेच कळतं. पोरांना कळत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे.

टाकेवालीताई, कॅमेरा यंत्रच धरत होतं. स्थिर. तुमची पोस्ट प्रिंट काढून भिंतीवर लावली आहे.

---

भूलवाली काकू | गुरुवार, दुपारी ४:२०

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. १९९० मध्ये जेजेत डॉ. तेहेमतन उडवाडियांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, देशातलं पहिलं. त्यानंतर काही वर्षांत आमच्याकडेही सुरू झालं. तेव्हा एकेका पेशंटला तीन-तीन तास लागायचे आणि आम्ही डोक्याशी बसून गॅसचा दाब बघायचो. त्यामुळे माझी तक्रार ऐका.

तुमच्या ओटीत आवाज कोणता आहे? बहुतेक पार्श्वसंगीत ठेवलं असेल. पेशंटच्या बोटाला लावलेलं यंत्र प्रत्येक ठोक्याला टिंग करतं, आणि रक्तातला प्राणवायू कमी व्हायला लागला की त्या टिंगचा सूर उतरतो. आम्हाला मान वर करावी लागत नाही. सूर उतरला की कान टवकारतात. चांगल्या सर्जनचे पण. दुसरं, पोट फुगवताना पडदा ताणला जाऊन कधी कधी नाडी एकदम मंदावते. टिंग... टिंग...... असं. तेव्हा सर्जनने गॅस सोडायचा असतो, हात थांबवायचा असतो, आणि डोक्याशी बसलेल्या बाईला विचारायचं असतं, "काय झालं?" हे शेवटचं कुणी शिकवत नाही.

लाल दिव्याबद्दल: टाकेवाली बाळा, तुझं बरोबर आहे, पण पहिल्या वर्षापुरतं. लाल दिव्याची सवय झाली की दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं मन समजायला लागतं. ओटीत दिवा नसतो.

---

टाकेवाली | शुक्रवार, रात्री ११:५०

काकू, हे टोचलं. बरोबर आहे.

मग असं करता येईल का? सराव करताना दिवा असू दे. पण परीक्षेच्या फेरीत काहीच सांगू नका. चार दिवसांनी, आम्ही वॉर्डमध्ये राउंडला असताना, फोनवर मेसेज येऊ दे: बेड १२, पोटदुखी, डोळे पिवळे, काय करणार? बऱ्याच पेशंटचा येऊ नये, नाहीतर चूक नसतानाही मेसेजची वाट बघू.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी १०:१५

आणि चूक नसलेल्या एखाद्या पेशंटचाही मेसेज पाठवा. पोट नुसतं दुखतही असतं ना. लगेच स्वतःला दोष देतात की आधी तपासायला सांगतात, ते तरी कळेल.

---

कळफलक | शनिवार, दुपारी १२:४०

शंकासुर, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. टीममधलं भांडण मिटलं, नवीन सुरू झालं: मेसेज किती वाजता पाठवायचा. डॉक्टरीणबाई म्हणते, पहाटे तीन.

---

कळफलक | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

कॅमेऱ्याचं वेगळं प्रकरण केलं. काच धुरकटते, थर्मास आहे, क्षितिज वाकडं झालं की एपी सर खेकसतात (आवाज आमच्या मेकॅनिकलवाल्याचा, त्याला आनंद झाला). सरावात दिवा, परीक्षेत मेसेज. फाडतानाच्या झटक्याचं दुखणं तसंच आहे. हा सराव करून ओटीत फरक पडतो का, हे अजून मोजलेलं नाही. त्यासाठी दोन विभागांशी बोलणं चालू आहे, त्याआधी कुठेही तसा दावा करणार नाही.

काकूंचा टिंगही घातला. काकू स्वतः आल्या होत्या गुरुवारी, गोरेगावहून रिक्षाने, सूर किती उतरायला हवा ते गुणगुणून दाखवलं, आम्ही रेकॉर्ड केलं. त्याच दिवशी टाकेवालीताई नाइटनंतर थेट आल्या. त्यांना न सांगता गॅस भरताना नाडी ४२ वर आणली. टीव्हीवर काहीच बदललं नव्हतं, पोट छान फुगत होतं. दुसऱ्या टिंगला त्यांचा हात थांबला. तिसऱ्याला त्यांनी मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हेडसेटमध्ये तिथे आम्ही भूलतज्ज्ञ बसवायलाच विसरलो होतो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

खोलीतून काकू म्हणाल्या, "गॅस सोड."